‘डेलिकसी’ : एका श्रीमंत शब्दाची लबाडी

एखाद्या शब्दाला आठ-दहा अर्थ असले की तो शब्द ‘अर्थसमृद्ध’ आहे असे म्हणण्याची सवय आपल्या समीक्षेला जडली आहे. इंग्रजीच्या वर्गात तर तिला जवळजवळ पाठाचे रूप आले आहे. शब्द फळ्यावर लिहायचा, पुढे आकडे घालून अर्थ मांडायचे, प्रस्तुत उताऱ्यात त्यांपैकी कोणता लागतो ते सांगायचे आणि उरलेल्यांबद्दल भाषेच्या वैभवाचे दोन शब्द बोलून पान उलटायचे. ‘डेलिकसी’ हा या वैभवाचा हमखास नमुना. रुचकर खाद्यपदार्थ, शरीराचा अशक्तपणा, स्त्रीचे कोमल सौंदर्य, अभिरुचीची सूक्ष्मता, दुसऱ्याचे मन न दुखावण्याची दक्षता, लज्जा, हाताळायला अवघड असलेले प्रकरण; एवढे सगळे एका शब्दात नांदते हे पाहून विद्यार्थी थक्क होतात आणि शिक्षक कृतार्थ.

माझा या कौतुकालाच आक्षेप आहे. हे अर्थ एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. त्यांतला एक दुसऱ्याच्या पतीवर कर्ज काढतो आणि फेड तिसऱ्याकडून करून घेतो. जे विधान उघडपणे करायला कोणी धजले नसते, ते अशा शब्दाच्या आडून, न करताच, ऐकणाऱ्याकडून मान्य करून घेता येते. ‘श्रीमंत घरच्या आजारी मुलींची अभिरुची उच्च असते’ असे वाक्य लिहून पाहावे. ते हास्यास्पद वाटते. पण ‘ती मोठी डेलिकेट मुलगी आहे’ एवढेच म्हटले, तर तेच विधान सभ्यपणे दिवाणखान्यात येऊन बसते. विल्यम एम्पसनने १९५१ साली ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’मध्ये दाखवले ते हेच : शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी जागे असले की त्यांच्यात एक समीकरण तयार होते, आणि बोलणाऱ्याच्या नकळतही ते समीकरण सिद्धान्ताचे काम करते. एम्पसनचे नाव आपल्या अभ्यासक्रमांत संदिग्धतेच्या सात प्रकारांपुरते उरले आहे. हे दुसरे पुस्तक फारसे उघडले जात नाही, आणि शब्दांच्या श्रीमंतीचे गोडवे गाणाऱ्यांचे त्यामुळे फावते.

शब्दाच्या पूर्वायुष्यापासून सुरुवात करू. लॅटिनमधील ‘डेलिकातुस’ म्हणजे चैनीचा, लाडावलेला, सुखासीन. श्रीमंतांच्या घरी लाडाकोडात ठेवलेल्या गुलाम मुलालाही हाच शब्द लावीत. इंग्रजीत तो आला तेव्हा हा वास त्याला होताच. १६११च्या बायबलात, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात, शापांची एक भयंकर यादी आहे. सुकुमारपणापायी जिने कधी तळपाय जमिनीला टेकवला नाही अशी स्त्री तिथे येते, आणि शत्रूच्या वेढ्यात उपासमार झाली की ती पोटची मुले खाईल असे बजावले जाते. तिच्या सुकुमारपणासाठी योजलेला इंग्रजी शब्द ‘डेलिकेट’च आहे. म्हणजे धर्मग्रंथाच्या भाषेत ‘डेलिकेट’ असणे हा गुण नव्हता. ज्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागतो असा तो विलास होता.

मग सुमारे दीडशे वर्षांत काय घडले? दोष गुण झाला. व्यापाराने पैसा आला, त्या पैशाला सभ्यतेची कुळी हवी होती, आणि उपभोगाला ‘अभिरुची’ हे नवे नाव मिळाले. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात या शब्दाखाली खाण्यातली चोखंदळ चव, स्त्रीचे कोमल सौंदर्य, बारकाईचा अचूकपणा, वागण्यातली सभ्यता आणि प्रकृतीचा अशक्तपणा हे अर्थ एकाखाली एक येतात. जॉन्सन प्रामाणिक कोशकार होता. त्याने जे चालत होते ते नोंदवले. पण त्या रांगेकडे नुसते वैभव म्हणून पाहणारा वाचक, ती रांग कोणाच्या सोयीने लागली हे विचारत नाही.

हा प्रश्न विचारायला १७५७ हे वर्ष फार उपयोगी आहे, कारण त्या एकाच वर्षी या शब्दाचे दोन परस्परविरोधी उपयोग छापून आले. डेव्हिड ह्यूमचा ‘ऑफ द स्टँडर्ड ऑफ टेस्ट’ हा निबंध त्या वर्षीचा, आणि एडमंड बर्कचा उदात्त व सुंदर यांवरील ग्रंथही त्याच वर्षीचा. आपल्याकडे दोघांनाही ‘अठराव्या शतकातील सौंदर्यविचार’ या एका गाठोड्यात बांधतात. असो.

ह्यूमने ‘डेलिकसी’ समजावून सांगण्यासाठी ‘डॉन किहोते’मधील एक किस्सा घेतला. सांचोच्या दोन नातलगांना पिंपातली दारू पारखायला बोलावतात. एक म्हणतो, दारू चांगली आहे, पण कातड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, लोखंडाची लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी कातडी वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. (मूळ कादंबरीत एकाने जिभेचे टोक लावलेले असते आणि दुसऱ्याने नुसता वास घेतलेला असतो. ह्यूमने दोघांनाही चाखायला लावले. गोष्ट सांगताना तोही थोडा सैल होता.) या गोष्टीत डेलिकसी म्हणजे मिश्रणातला प्रत्येक घटक ओळखण्याची इंद्रियांची क्षमता. ती सरावाने वाढते, तुलनेने तपासता येते आणि तिचा पुरावा पिंपाच्या तळाशी सापडू शकतो. याहून महत्त्वाचे असे की हे पारखी सांचोचे नातलग आहेत, सांचो पान्झाचे! खेडुत, खाऊनपिऊन धडधाकट माणसे. त्यांच्या जिभेच्या सूक्ष्मतेसाठी त्यांनी अंथरुणाला खिळलेले असावे, अशी अट ह्यूमने घातलेली नाही. त्याने १७४१च्या एका निबंधात भावनेची डेलिकसी आणि अभिरुचीची डेलिकसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मांडलेच होते. पहिली माणसाला प्रत्येक बऱ्यावाईट प्रसंगाने हेलावून टाकते, आणि तिच्यावर उपाय म्हणून दुसरी जोपासावी, असा त्याचा सल्ला होता. म्हणजे शब्द एकच असला तरी त्याच्या अर्थांची फारकत करता येते, आणि विचार करणाऱ्याने ती करावी, हे ह्यूमने करून दाखवले.

बर्कने नेमके उलटे केले. त्याच्या ग्रंथात डेलिकसी ही पाहणाऱ्याची क्षमता राहिली नाही. ती पाहिल्या जाणाऱ्या वस्तूचा गुण झाली. धट्टेकट्टेपणा सौंदर्याला मारक, आणि नाजूकपणा, किंबहुना सहज मोडून जाईल असा ठिसूळपणा, सौंदर्याला जवळजवळ आवश्यक. म्हणून ओक आणि एल्म सुंदर नाहीत, जाई आणि द्राक्षवेल सुंदर. मॅस्टिफपेक्षा ग्रेहाउंड सुंदर. झाडे आणि कुत्री झाली की अर्थातच स्त्रिया. त्यांचे सौंदर्य बरेचसे त्यांच्या दुर्बलतेतून येते, असे तो सांगतो. दुसऱ्या एका ठिकाणी तर, स्त्रिया बोबडे बोलायला, चालताना अडखळायला, अशक्तपणाचे आणि आजाराचेही सोंग आणायला शिकतात व हे त्यांना निसर्गच शिकवतो, असेही तो म्हणतो. शिकावे लागते ते निसर्गाने दिलेले कसे, हा प्रश्न त्याला पडत नाही. मात्र एका जागी बर्क चपापतो : खऱ्या आजारातून येणारी अशक्तता सौंदर्याला पोषक आहे असे आपले म्हणणे नाही, असा खुलासा तो जोडतो. हा खुलासा मला फार बोलका वाटतो. आपला शब्द कुठे घसरत चालला आहे हे लेखकाला दिसले होते. त्याने शब्द बदलला नाही, तळटीपवजा वाक्य घातले.

मेरी वुलस्टनक्राफ्टने ही घसरण पकडली. फ्रेंच राज्यक्रांतीवर बर्कने टीका केली तेव्हा तिने १७९० साली जे उत्तर लिहिले, त्यात तिने त्याचा हा जुना ग्रंथही उकरून काढला. राजकीय वादात सौंदर्यशास्त्र कशाला, असे आपल्याकडच्या शिष्टांना वाटेल. तिला वाटले नाही, कारण दुर्बलतेला मोहक म्हणणारा शब्द सत्तेच्या किती उपयोगी आहे हे तिने ओळखले होते. १७९२च्या ‘अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन’मध्ये ती आपल्या ओळखीच्या एका फॅशनेबल बाईचे चित्र काढते. या बाईला आपल्या डेलिकसीचा विलक्षण अभिमान. चोखंदळ आवड आणि चिमणीएवढी भूक ही तिच्या लेखी मानवी पूर्णतेची परिसीमा. सगळी कर्तव्ये बाजूला सारून ती सोफ्यावर पहुडते आणि आपल्याला भूक लागत नाही हे आपल्या सूक्ष्म संवेदनशीलतेचे प्रमाण म्हणून मिरवते. आणि तीच बाई, दैव फिरल्यामुळे तिच्या आश्रयाला आलेल्या एका वृद्ध कुलीन स्त्रीचा अपमान करते.

या एका परिच्छेदात शब्दाचे सगळे कुटुंब हजर आहे. पदार्थ आहे, पण नाकारलेला; शरीर आहे, मुद्दाम अशक्त ठेवलेले; अभिरुची आहे, तिचा पुरावा म्हणजे उपाशीपण; आणि दुसऱ्याच्या मनाला जपण्याचा जो अर्थ, ज्याच्यासाठी या शब्दाला मान मिळाला, तोच तेवढा गैरहजर. अर्थांची यादी देणाऱ्या कोशाला जे सांगता येत नाही ते वुलस्टनक्राफ्ट सांगते : उरलेले अर्थ जमा झाले की या एका अर्थाची गरजच वाटेनाशी होते. त्याच ग्रंथात तिने स्त्रियांनी वनस्पतिशास्त्र शिकण्याचा प्रश्न घेतला आहे. लिनियसच्या वर्गीकरणात फुलांच्या पुंकेसर-स्त्रीकेसरांची मोजणी असल्यामुळे, स्त्रीसुलभ डेलिकसीला बाध न आणता ते शिकता येईल का, असा प्रश्न त्या काळी गंभीरपणे विचारला जात होता. पाहा, ज्या शब्दाचा एक अर्थ ‘बारकाईने पाहण्याची शक्ती’ असा होता, तोच शब्द फूल बारकाईने पाहू नका असे सांगायला वापरला गेला.

यावर एक प्रतिवाद ठरलेला आहे : शब्द निर्दोष असतो, दोष वापरणाऱ्याचा. शिवाय त्या काळच्या लोकांनाही खोटी डेलिकसी कळत होती. ह्यू केलीचे ‘फॉल्स डेलिकसी’ नावाचे नाटकच १७६८ साली ड्रुरी लेनला आले आणि गाजले. बरोबर आहे. पण ‘खोटी’ डेलिकसी असे म्हणताच ‘खरी’ शाबूत राहते, हे या प्रतिवाद्यांच्या लक्षात येत नाही. केलीच्या नाटकात माणसे एकमेकांना इतकी जपतात की मनातले बोलतच नाहीत आणि त्यातून लग्नांचे गोंधळ होतात. गोंधळ मिटतो, शब्दाची प्रतिष्ठा मात्र जिथल्या तिथे. खोटे नाणे ओळखणारा टाकसाळीवर शंका घेतोच असे नाही.

टाकसाळीवर शंका घेणारी लेखिका जेन ऑस्टिन. आपल्या वर्गांत तिला ‘विनोदी, सौम्य, घरगुती’ म्हणून शिकवतात. (‘डेलिकेट’ हे विशेषण तिच्या शैलीलाही लागतेच, हा त्या शब्दाने घेतलेला सूड समजावा.) १८१३च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये लेडी कॅथरीन म्हणते की आपण संगीत शिकलो असतो तर मोठ्या निष्णात झालो असतो, आणि आपली मुलगीही झाली असती, तिच्या प्रकृतीने साथ दिली असती तर. या मुलीने सबंध कादंबरीत एकही उल्लेखनीय गोष्ट केलेली नाही. ती फिकी आहे, आजारी आहे, आणि एवढ्यावर तिची अभिरुची गृहीत धरली जाते. ह्यूमच्या पिंपात निदान किल्ली होती. इथे पिंपच उघडलेले नाही.

पण त्या कादंबरीतील खरे प्रकरण कॉलिन्सचे. एलिझाबेथ त्याला स्पष्ट नकार देते. तो नाराज होत नाही. मुली मनात होकार असताना पहिल्यांदा नकार देतात, कधी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही, हे त्याला ठाऊक आहे. आणि तिने जेवढे म्हटले तेवढेच स्त्रीस्वभावाच्या खऱ्या डेलिकसीला शोभणारे उत्तेजन आहे, असा अर्थ तो लावतो. हा प्रसंग विनोदी म्हणून शिकवला जातो, आणि आहेही. पण हसण्याच्या आधी वा नंतर या शब्दाने काय केले ते पाहावे. एका स्त्रीने ‘नाही’ म्हटले; ‘डेलिकसी’ या शब्दातून गाळून ते ‘हो’ होऊन बाहेर आले. ती जितके जास्त ‘नाही’ म्हणेल तितकी तिची डेलिकसी, म्हणून तितका तिचा होकार, पक्का! या शब्दाच्या आत राहून नकार देण्याची सोयच नाही. म्हणून एलिझाबेथला त्याच्या बाहेर पडावे लागते : मला नाजूक, शोभिवंत स्त्री समजू नका, मनापासून खरे बोलणारी, विचार करणारी व्यक्ती समजा, अशा आशयाचे ती बोलते. इथे वुलस्टनक्राफ्टचा आवाज अनेक अभ्यासकांनी ऐकला आहे.

‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) माझ्या म्हणण्याच्या आड येते, असे कोणी म्हणेल. तिथली नायिका फॅनी शरीराने नाजूक आहे आणि मनानेही. म्हणजे ऑस्टिनने समीकरण मान्यच केले की. कादंबरी नीट वाचली तर उलटेच दिसते. फॅनीला श्रीमंत मावशांकडे पाठवताना तिची आई पत्रात तिला थोडी ‘डेलिकेट’ आणि किरकोळ म्हणते आणि हवापालटाने ती सुधारेल अशी आशा व्यक्त करते. पोर्टस्मथच्या त्या गर्दीच्या, ओढगस्तीच्या घरात या शब्दाचा अर्थ एकच : मुलीचे अंग धरत नाही. तोच शब्द मॅन्सफील्डच्या वाड्यात आला की वर्षागणिक त्याला मनाच्या, रुचीच्या, नीतीच्या छटा चढत जातात. पुढे फॅनी हेन्री क्रॉफर्डला नकार देते आणि तिचे यजमान सर टॉमस तिला धडा मिळावा म्हणून माहेरी धाडतात. तिथल्या अर्धवट धुतलेल्या ताटल्यांतले अन्न तिच्या घशाखाली उतरत नाही. संध्याकाळी ती भावांकडून बिस्किटे आणि बन मागवून पोट भरते. ही तीच मुलगी, जिचा जन्म या घरात झाला. आठ-नऊ वर्षांच्या वाड्यातल्या वास्तव्याने ही डेलिकसी घडवली आहे, आणि सर टॉमसला ते पक्के माहीत असल्यामुळेच तिचा दट्ट्या म्हणून वापर करता येतो. त्याची मिळकत अंशतः अँटिग्वातल्या मळ्यांची. फॅनीने त्याला गुलामांच्या व्यापाराबद्दल प्रश्न विचारला तेव्हा दिवाणखान्यात शांतता पसरली, असे कादंबरीत एका वाक्यात येऊन जाते. एडवर्ड सईदच्या १९९३च्या ग्रंथानंतर या शांततेवर पुष्कळ लिहिले गेले. मी एवढेच म्हणेन की ‘नाजूक विषय’ हा या शब्दाचा अर्थ त्या शांततेत ऐकू येतो.

पुढच्या काळात हा शब्द कात्री होऊन हिंडला. शेक्सपियरची बाउडलरकृत ‘कौटुंबिक’ आवृत्ती प्रसिद्धच आहे. १८०७च्या पहिल्या आवृत्तीत हेन्रिएटा बाउडलरने वीस नाटके छाटली, पण तिचे नाव छापले गेले नाही. कारण सरळ दिसते : अशिष्ट जागा गाळायच्या तर त्या आधी कळाव्या लागतात, आणि अविवाहित बाईंना त्या कळल्या हीच मोठी अशिष्टता ठरली असती. १८१८च्या विस्तारित आवृत्तीवर भावाचे, टॉमसचे, नाव आले आणि क्रियापदही त्याच्याच नावावर जमा झाले.

आता हे सगळे मराठी वाचकाने का पाहावे? कारण हे साहित्य आपण शिकवतो, आणि शिकवताना या शब्दाला मराठी रूप देतो. बहुतेक ‘नाजूकपणा’ म्हणून मोकळे होतात. आपल्या ‘नाजूक’चाही पसारा मोठा आहे : नाजूक प्रकृती, नाजूक बांधा, नाजूक प्रसंग, नाजूक प्रश्न. पण खाण्याचा पदार्थ त्यात बसत नाही, आणि पारखीपणही बसत नाही. पारख करणाऱ्याला आपण ‘रसिक’ म्हणतो, ‘मर्मज्ञ’ म्हणतो, आणि रसिकाने अशक्त असावे असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. तो चांगला दोन वाट्या बासुंदी रिचवणारा असू शकतो. म्हणजे इंग्रजीत जी गाठ शब्दातच बसली आहे, ती मराठीत मुळात पडलेलीच नव्हती. ह्यूमला जे कष्टाने सोडवावे लागले ते आपल्याला सुटे मिळाले होते. आणि तरी आपल्या परीक्षणांत स्त्रीच्या कवितासंग्रहाला ‘तरल’, ‘हळुवार’, ‘नाजूक’ ही विशेषणे ज्या सहजतेने चिकटवली जातात, ती पाहता आपण ती गाठ मोठ्या हौसेने आयात केली आहे असे म्हणावे लागते. त्या कवितेत विचार आहे का, क्रोध आहे का, रचनेचे कसब आहे का, हे पाहण्याचे श्रम त्या विशेषणाने वाचतात.

कॉलिन्सचे ते वाक्य मराठीत आणायचे झाले तर मी ‘नाजूकपणा’ वापरणार नाही. त्या शब्दाने कॉलिन्सचा युक्तिवाद उभाच राहत नाही. प्रकृती नाजूक असण्याचा नकाराशी काय संबंध, असे वाचक विचारील. ‘सूक्ष्म संवेदनशीलता’ही चालणार नाही, कॉलिन्सला तेवढी फुरसत नाही. मी ‘शालीनता’ लिहीन. त्यात चव नाही, आजार नाही, पारख नाही. तीन-चतुर्थांश अर्थ सांडतो हे मान्य. पण मुलीने खाली मान घालून ‘नाही’ म्हटले की घरातली चार मोठी माणसे एकमेकांकडे पाहून हसतात आणि सुपारी फोडायच्या तयारीला लागतात, हे ‘शालीनता’ म्हटल्यावर मराठी वाचकाला कोणत्याही टीपेशिवाय कळते.